इंजिन गरम होऊ दे

काल रिसालीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मुलगी रजया उन्हात टाकत होती. "बाबा, ह्या रजईले रॉकेलचा वास कावून येते?"

त्या वासानं मी थेट धावपट्टीवर पोचलो. तिथं मी विमानाच्या मेकॅनिकचं काम शिकत होतो. थंडीत इंजिनातलं तेल आळायचं, म्हणून त्यावर घरून नेलेली ही रजई पांघरून खालून रॉकेलच्या हीटरची गरम हवा सोडायचो. अशाच एका सकाळी मामा स्कूटरवर आला.

"चाल. तुह्या बाबाच्या जागेवर तुले नोकरीत घेऊन राहिले. आजच स्टील प्लांटमध्ये हजर व्हायचं हाय."

बाबा नोकरीत असतानाच आजारानं गेले होते. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

"इंजिन गरम होऊ दे, मामा," मी म्हणालो.

ते झालं. विमान उडालं. मी गरम रजई मांडीवर घेऊन स्कूटरवर मागं बसलो.

भट्टीपुढं जन्म चाललाय, तरी आठवतं ते एवढंच, की प्लांटच्या गेटपर्यंत ती रजई गार झाली होती.