मोहाखालची हिरवळ

माझ्या शाळासोबत्याने सालेकसा रस्त्याला बंगला बांधला, तेव्हा नागपूरहून आलेल्या डिझायनर बाईंनी आवारातलं मोहाचं झाड तोडू दिलं नाही. झाडामुळे जागेला आत्मा येतो, असं त्यांचं मत होतं. मग आत्म्याच्या बुडाशी दिवे लावले, शेजारी निळ्या फरशीचा स्विमिंग पूल केला आणि खाली प्लास्टिकची हिरवळ अंथरली. चार महिने आमच्याकडे चारी बाजूंना धान हिरवं असतं. फुकट असल्यामुळे ते बहुधा नजरेत भरत नाही. सोबत्याला पोहता येत नाही. तो काठावर वेताच्या खुर्चीत बसून पाहुण्यांना पाण्याची खोली सांगतो.

झाड मात्र गावातल्या एका म्हातारीचं होतं. जमीन एकाची आणि तिच्यातला मोह दुसऱ्याचा, हे आमच्याकडे चालतं. कागद नसतो, कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचं हे गावाला ठाऊक असतं. तिची सासू वेचायची, मग ती. वाळवलेली फुलं विकून तिचं पावसाळ्यापर्यंत भागायचं. जमीन घेताना सोबत्याने सातबारा पाहिला. त्यावर म्हातारी नव्हती.

मार्चमध्ये ती फाटकाशी आली. मी आत चहा घेत होतो.

"मालक, माहा मोह हाय जी आतमंदी. पंधरा दिस वेचू द्या."

"अरे आजी, तुझंच झाड आहे! कोण ना म्हणतंय? सुबह-सुबह ये," सोबती माझ्याकडे बघत म्हणाला. औदार्याला साक्षीदार लागतो.

दुसऱ्या दिवशी ती उजाडता उजाडता आली. मोह वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळायचा, ही इथली रीत. साफ भुईवर फुलं चटकन दिसतात. तिने पाचोळा लोटून ढीग केला आणि काडी लावली. तिला वाटलं, मालकाचं गवत पाणी पिऊन हिरवं आहे, ते कशाला पेटेल?

ते वितळलं. ती अनवाणी पायांनी विझवायला धावली आणि तेच तळव्यांना चिकटलं. मी फिरायला निघालो होतो. काळा धूर पाहून आत गेलो, तेव्हा ती फरफटत पुलाकडे निघाली होती.

"पाण्यात पाय नको!" सोबती ओरडला. "आत्ताच दवाई टाकून साफ केलंय! काऊन जाळलं लॉन?"

"गवत समजली जी. असं कसं गवत, बाप्पा?"

सोबत्याची बायको हसली. माळ्याने बादली आणेपर्यंत म्हातारी काठावर पाय हवेत धरून बसली होती. मी सोबत्याला काहीतरी बोलायला हवं होतं. मी बादली धरली.

त्या दिवसापासून तिला फाटक बंद झालं. फुलं गळत राहिली. पुलात पडलेली माळी जाळीने काढायचा आणि फाटकाबाहेर ओतायचा. पाय टेकता येऊ लागले तशी ती तिथे बसून वेचू लागली. आठवड्याने टोपलीभर वाळवलेला मोह घेऊन ती व्यापाऱ्याकडे निघाली. मी सोबत गेलो. तेवढंच मला जमलं.

व्यापाऱ्याने मूठभर फुलं नाकाशी नेली. "दवाई का बास आ रहा है, बाई. घेऊन जा."

टोपली तिने दुकानापुढेच उपडी केली. एक गाय आली, ढीग हुंगला आणि पुढे गेली.