साडेनऊपर्यंत वेळ आहे

अमेरिकेत मी नोकरी करत नव्हते, कारण माझा व्हिसा करू देत नव्हता. त्यामुळे ट्रॉयमधल्या आमच्या अपार्टमेंटांच्या कॉम्प्लेक्समध्ये माझ्याकडे एक बिनपगारी काम आपोआप आलं होतं, इंडियाची वेळ सांगण्याचं. कोणालाही घरी फोन लावायचा असला की आधी मला विचारायचे, "वहिनी, आत्ता तिकडे किती वाजले?" मी भाजी ढवळता ढवळता सांगायचे. इथल्या रात्रीची तिथली सकाळ करायची आणि अडीच तास वजा करायचे, की झालं. दिवसभर कॉम्प्युटर बडवणाऱ्या इंजिनिअरांना एवढंही जमत नाही म्हणून मी त्यांची टर उडवायचे. मला त्याचा गर्व होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह कोणाला व्हायला नको.

दोन हजार चार साली हॅलोविन, म्हणजे तिकडचा भुतांची सोंगं काढायचा सण, रविवारी आला. आदल्या वर्षी आमच्या ग्रुपने दुकानातले तेच ते सांगाडे आणि चेटकिणी केल्या होत्या. या वेळी मी फर्मान काढलं, की भुतं आपली हवीत. मी हडळ, नवरा वेताळ, आणि वरच्या मजल्यावर एकटा राहणारा नवऱ्याचा ऑफिसमधला मित्र मुंजा. मुंज झालेली पण लग्न न होता मेलेला, पिंपळावर बसणारा. हा तिशीला टेकलेला आणि बिनलग्नाचा, म्हणून ते पात्र त्याच्याच गळ्यात मारलं. तो नागपूरचा, आठवड्यातले चार दिवस आमच्याकडेच जेवायचा. दोन वर्षं घरी गेला नव्हता. एकदा गेलो आणि परत यायला व्हिसाचा शिक्का मिळाला नाही तर, या भीतीने आमच्यातले निम्मे लोक तेव्हा जात नव्हते.

त्या दिवशी सकाळी आम्ही तासभर जास्त झोपलो. उठल्यावर नवरा घरभर फिरून घड्याळं नीट करत होता. मी पुरणाचं बघत होते. दुपारी साडेचारला फोन वाजला तेव्हा माझ्या एका डोळ्यात काजळ घालून झालं होतं आणि दुसऱ्यात व्हायचं होतं.

आमच्या मुंजाचा मोठा भाऊ नागपूरहून बोलत होता. धाकट्याला फोन लागेना म्हणून त्याने अडीअडचणीसाठी देऊन ठेवलेला आमचा नंबर भावाने फिरवला होता.

"ताई, बाबा गेले. रात्री दीड वाजता. हार्ट अटॅक."

मी काय बोलले ते आठवत नाही. तो मात्र एकेक शब्द तोलून बोलत होता.

"मी हॉस्पिटलसमोरच्या बूथवरून बोलून राहिलो. घरच्या फोनला आयएसडी नाही, मला पुन्हा लावता येणार नाही. मंडळी सकाळीच न्यायचं म्हणतात. तो येत असेल तर आम्ही बर्फावर ठेवतो, दोन दिवस थांबतो. फक्त सातपर्यंत त्याचा फोन येऊ द्या. नाही आला, तर त्याला जमत नाही असं समजू. त्याच्या व्हिसाचं आम्हाला माहीत आहे. त्याला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको."

"सातच्या आत येईल फोन," मी म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच हिशोब केला. तिकडचे सकाळचे सात, म्हणजे इकडचे रात्रीचे साडेनऊ. हातात पाच तास होते.

आमच्याकडे तेव्हा शेजारच्या मित्राची आई आली होती, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेली. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. मी स्वयंपाकघरात त्यांना आणि नवऱ्याला सांगितलं. काकू खालीच बसल्या. मग म्हणाल्या, "आधी जेवू दे गं त्याला. एकदा ऐकलं की पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही. आणि पुढे दोन दिवसांचा प्रवास."

आमच्याकडे हे असंच करतात. माझे आजोबा गेले तेव्हा माझ्या आईलाही आधी जेवायला बसवलं होतं, मग सांगितलं. ताटावरून उठवून वाईट बातमी द्यायची नाही. त्यामुळे हे सगळं काकूंच्या नावावर ढकलणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर त्या बोलल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तोंड उघडून ते शब्द म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि कोणीतरी मला मुदतवाढ दिली होती.

"साडेनऊपर्यंत वेळ आहे," मी म्हटलं. "पावणेनऊ, नऊपर्यंत जेवणं आटपू. मग सांगू."

नवऱ्याने बेडरूमचं दार लावून तिकीट शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात जागा मिळाली. तो बाहेर गेलेला होता, पण त्याच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असायची. काकू वर जाऊन त्याचा पासपोर्ट शोधून आल्या. फोन त्याने स्वतःच करावा असं ठरलं. सगळं तयार होतं, फक्त त्याला सांगायचं राहिलं होतं.

सहाच्या सुमाराला तो आला. दारातच उभा राहून त्याने हात पसरले. "कसा दिसून राहिलो, वहिनी?"

उघड्या अंगाला पांढरा पंचा गुंडाळलेला, खाली पांढरं धोतर. डोक्यावर केस झाकणारी रबराची टोपी, त्यामुळे चक्क तुळतुळीत टक्कल, आणि मागे लोकरीची शेंडी. बापाला अग्नी देऊन घाटावरून परत आलेला मुलगा दिसतो, तसाच दिसत होता तो. काकू आत निघून गेल्या. मी म्हटलं, "छान," आणि माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला. त्याचा मला अजून राग येतो.

दोन तास तो आमच्या दारात बसून कॉम्प्लेक्समधल्या पोरांना चॉकलेटं वाटत होता. फुलपाखरं झालेल्या, पोलिस झालेल्या गोऱ्या पोरांना या टकल्या भुताचं काही कळत नव्हतं. एका मुलीने त्याला इंग्रजीत विचारलं, तू कोण आहेस? तो म्हणाला, मी झाडावर राहतो, मला बायको नाही. ग्रुपमधले सगळे हसले. ज्या तिघांना माहीत होतं, ते आम्हीही हसलो.

आठला पानं घेतली. मी मुद्दाम त्याच्या शेजारी उभी राहून वाढत होते. पुरणपोळीवर तूप वाढलं, कटाची आमटी वाढली. तो भुकेलाच होता, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणाला. गाडीची बॅटरी बसली होती, त्यात दुपार गेली, सेलफोनही गाडीतच राहिला होता. तिसरी पोळी घेताना त्याने विचारलं, "वहिनी, तिकडे किती वाजले? आज रविवार, बाबांना फोन राहिला ना. ते साडेसातला फिरून येतात."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वीस.

"सहासुद्धा नाही वाजले अजून," मी म्हटलं. "निवांत जेव."

तो निवांत जेवला. शेवटी भात आणि ताक मागून घेतलं.

मग भांडी आवरेपर्यंत, बाकीची मंडळी आपापल्या घरी जाईपर्यंत नऊ वाजून गेले. नवऱ्याने त्याला सोफ्यावर बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं. तो डोक्यावरची टोपी ओढून काढायला लागला. ती गोंदाने चिकटवलेली, निघेना, आणि तो ओढतच राहिला. मी भावाचा निरोप शब्द न् शब्द सांगितला. "अजून वेळ आहे," मी म्हटलं. "सातपर्यंत थांबणार आहेत. तिकडे आत्ता सहा चाळीस झालेत."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सात चाळीस," तो म्हणाला. "वहिनी, घड्याळं आज मागे गेली ना."

ऑक्टोबरअखेर तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात, मग हिवाळाभर अडीच नाही, दीडच तास वजा करायचे असतात. दर वर्षी ते मीच सगळ्यांना बजावून सांगायचे. त्या दिवशी नवऱ्याने माझ्यासमोर स्टुलावर चढून काटे फिरवले होते. साडेपाचलाच बाहेर अंधारून आलं होतं, तेही मी खिडकीतून पाहिलं होतं.

कॉलिंग कार्डाचे आकडे त्याच्याकडून दोनदा चुकले. मग नवऱ्याने लावून दिला. नागपुरात फोन त्यांच्या शेजारच्या मावशींनी उचलला. घरात फक्त बायका उरल्या होत्या. सव्वासातला नेलं, त्या म्हणाल्या, तुझ्या फोनची वाट बघत दादा पंधरा मिनिटं जास्त थांबला. कोणाला तरी स्कूटरवर पाठवा, थांबवा त्यांना, हा ओरडत होता. त्यांनी कोणाला तरी पाठवलं. अर्ध्या तासाने आम्ही परत फोन लावला तेव्हा तो माणूस घाटावरून परत आला होता. अग्नी देऊन झाला होता.

रात्री आठ वीसला, त्याने मला वेळ विचारली तेव्हा, तिकडे सात वाजायला दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं मी त्याला पोळी वाढण्यात घालवली.

त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. फोन ठेवून तो फक्त एवढंच म्हणाला, "दादाला वाटलं असेल, मी नाही म्हणालो." काकू रडत होत्या. मी हडळीचं काजळ घालून उभी होते आणि मला रडायचीसुद्धा लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी तो त्याच विमानाने गेला. घरी त्याने निरोप उशिरा मिळाल्याचं सांगितलं, त्याहून अधिक काही नाही.

दीड वर्षाने आम्ही भारतात गेलो तेव्हा मी हट्टाने नागपूरला गेले. खरं काय ते सांगून टाकायचं, असं पुण्यापासून घोकत गेले होते. भाऊ नीट बोलला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या आईने मला स्वयंपाकघरात बसवून जेवायला वाढलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "एक विचारू? त्या दिवशी त्याला कळलं, तेव्हा तो जेवलेला होता का?"

मला सगळं सांगायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "पोटभर जेवला होता."

"तेवढं बरं केलंत हो," ती म्हणाली. "दीड वर्ष माझ्या मनाला तेच लागून राहिलं होतं." आणि तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. ती मी खाल्ली.