कॉलरमागचं लेबल
कोळशाच्या इस्त्रीखाली ओल्या सुती कापडाचा वास आला, की मला पिंपळगाव राजा या आमच्या गावात शिंपीकाम करणारे चाचा आठवतात. बीटी कपाशी नवीनच आली होती. वेचणी बरी झाली म्हणून वडिलांनी माझ्या कॉलेजसाठी पांढरं कापड घेतलं आणि चाचांनी त्याचा शर्ट शिवला. काजं हातानं केलेली, आतली शिवण बाहेरच्याइतकीच साफ. मी ते नीट पाहिलंही नाही. जुन्या रेडिमेड शर्टाचं कापून आणलेलं लेबल खिशातून काढलं आणि म्हणालो, "चाचा, हे कॉलरले लावून द्या. तिकडे पोट्टे हसतात शिवलेल्या कपड्याले." चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "काऊन बे, शिवण बिघडली का माही?" मी लेबल पुढं केलं. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि ते लेबल हातानं, चारी बाजूंनी बारीक टाके घालून लावलं. कॉलेजात कुणी शर्टाची तारीफ केली की मी कॉलर उलटून दाखवायचो. परवा तो शर्ट पेटीत सापडला. लेबलावरचं नाव कधीच धुऊन गेलंय, पण चाचांचा एकही टाका सुटलेला नाही.