दहावीचा वर्ग सोडताना

जानेवारी उजाडला की दहावीचं गणित मी स्वतःकडे घ्यायचो. मुख्याध्यापक असूनही शिकवतात, म्हणून पालक कौतुक करायचे. निकालही चांगला लागायचा. जूनपासून राबलेल्या गणिताच्या बाई मात्र सातवीवर जायच्या. स्टाफरूममध्ये त्यांची थट्टा चालायची, "झालं! वाढवलेली लेक चालली सासरी!" मीही हसायचो. त्यांच्या आधीच्या बाई नोकरी सोडून गेल्या, तेव्हा पगार कमी पडला असेल, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो. खरं कारण मला ठाऊक होतं.

यंदा डिसेंबरात मैसूरजवळच्या हुणसूरहून बसने येणाऱ्या या बाई माझ्या खोलीत आल्या. त्या उभ्याच राहिल्या.

"सर, दहावी शेवटपर्यंत माझ्याकडंच राहू द्या."

"आणि निकाल?"

"त्रिकोणमिती मला शिकवता येते का नाही, मलाच ठाऊक नाही. इतकी वर्षं तुम्ही कळूच दिलं नाही. तुम्हाला नसेल जमत तर सांगा, हेब्बाळच्या क्लासवाल्यांनी नोकरीचं विचारलंय."

मी टेबलावरची काच पुसली. मग म्हणालो, "ठेवा तुमच्याकडे. मी काय करू?"

"जानेवारीत मला द्यायची ती सातवी तुम्ही घ्या, मला तयारीला वेळ मिळेल. शनिवारी मी धडा तुमच्यापुढं शिकवते, चुका काढा. वर्गात आलात तर मात्र सुम्ने बसायचं, सर."

सुम्ने म्हणजे गप्प. हे मैसूरचं मराठी आमच्या दोघांच्याही घरचं.

फेब्रुवारीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. मनोऱ्याची उंची काढताना बाईंनी टॅनच्या जागी साइन घेतलं. मी अर्धवट उठलो. त्यांनी पाहिलं. मी खाली बसलो आणि खिडकीबाहेर बघू लागलो.

उत्तर पुस्तकाशी जुळेना. "कुठं चुकले मी? कोण सांगतं?" बाईंनी विचारलं.

कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली. तिनं जाऊन फळ्यावरचं साइन पुसलं. मग दुसरी म्हणाली, "मिस, मला अजून कळलं नाही." माझ्या तासाला हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी चुकायचो नाही, म्हणून मुलं बोलायची नाहीत.

निकाल अजून लागायचा आहे. दरवर्षी निकालाची काळजी माझी एकट्याची असायची. यंदा बाईंचीही आहे. काल सातवीच्या वर्गाबाहेर भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, "हेब्बाळवाल्यांना नाही म्हणून सांगितलं, सर. पुढच्या वर्षी त्रिकोणमिती लवकर सुरू करते."