माधवी साळवीची कंट्री गाणी

माधवी साळवी सोलापूरहून लग्न करून कॅनडात रिचमंड हिलला आली, तेव्हा कंट्री म्युझिक म्हणजे काय हेही तिला ठाऊक नव्हतं. काही वर्षांत संसार मोडला. ती ग्वेल्फला गेली, बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागली आणि डोरीन नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या बेसमेंटमध्ये राहू लागली.

डोरीनच्या किचनमध्ये दिवसभर रेडिओवर कंट्रीच चालायचं. ट्रक, शेतं, सोडून गेलेली माणसं. वरून येणारी ती गाणी ऐकत माधवी खाली एकटीच वरणभात जेवायची. एकदा जिन्यात ती गुणगुणत असताना डोरीनने ऐकलं आणि आपल्या नवऱ्याची गिटार आणून तिच्या हातात दिली.

“तो गेल्यापासून पडून आहे. तू वाजव.”

डोरीनच तिला माजी सैनिकांच्या हॉलमध्ये घेऊन गेली. शनिवारी दुपारी तिथे कुणीही उठून गायचं. फॅक्टरीचेच बूट घालून माधवी गायली. आवाज लोकांना आवडला, आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. मराठी मंडळाच्या गणपतीतही तिने एक गाणं म्हटलं. मंडळाच्या सुनंदाताई हळूच म्हणाल्या, “छान गं, पण पुढच्या वर्षी एखादं भावगीत बसव ना.” पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नाही.

मग डोरीनला तिच्या मुलीने व्हँकुव्हरला नेलं आणि घर विकलं. माधवी दुसऱ्या बेसमेंटमध्ये गेली. तिथे वर राहणारी माणसं तिला फक्त पावलांच्या आवाजावरून माहीत होती.

सप्टेंबरात एका सकाळी धाकट्या भावाचा, विक्रमचा, फोन आला.

“ताई, आई गेली गं.”

वर्क परमिटचं रिन्यूअल अडकलं होतं. देश सोडला तर परत येता येईलच असं नव्हतं. आईला नेताना तिने फोनवर पाहिलं, तेही मध्येच चित्र अडकत. त्याच दुपारी एका गावच्या जत्रेत तिचा कार्यक्रम होता. खोलीत बसवेना, म्हणून ती गेली.

दोन-तीन गाणी झाली आणि पुढे इंग्रजी शब्द तोंडातून फुटेनात. तिने चाल तीच धरली आणि मराठीत गाऊ लागली. आईला हाका मारत, सुचेल ते. गवताच्या गठ्ठ्यांवर बसलेली माणसं बोलायची थांबली.

ती खाली उतरली, तेव्हा एक शेतकरी बाई कॉफीचे दोन कप घेऊन आली.

“मला एक शब्दही कळला नाही,” बाई म्हणाली. “कोण गेलं तुझं?”

“आई. आज सकाळी.”

हे तिने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं. बाई तिच्या शेजारी बसून राहिली. माधवी पोटभर रडली. नवऱ्याने हाक मारल्यावर बाई उठून गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर माधवी सोलापूरला जाऊन आली. जत्रेतलं सांगितल्यावर विक्रमने ते गाणं ऐकव म्हटलं, पण एकही ओळ तिला आठवेना.

आता ती हॅमिल्टनला असते. बर्फातही विंटर टायर्स लावून एकटीच कार्यक्रमांना जाते. हॉल भरतात, टाळ्या मिळतात. सामान आवरून गाडीत बसलं, की आज कसं झालं हे फोन करून सांगावं असं कुणी नसतं. ती हीटर लावते, काचेवरचा बर्फ वितळेपर्यंत थांबते आणि निघते.