भित्रे कंपाउंडर

"मले भेव वाटून राहिलं, वैनी."

कुठल्याही जनावराला हात लावण्याआधी ते असं म्हणायचे आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे. औषध देणाऱ्याने धीर द्यावा, अशी आपली अपेक्षा असते. हे स्वतःच घाबरलेले! मरोद्याच्या आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत त्यांची त्यावरून भरपूर थट्टा चालायची. तुम्हीही तेव्हा तिथे असता, तर हसला असता. मीही हसले आहे.

ते ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गोंदियाकडचे. आमच्या मागच्या क्वार्टरात एकटेच राहायचे. पोलादाचा कारखाना उभा होत होता, दिवसभर डंपर धावायचे, आणि वाळत घातलेली चादर संध्याकाळी धुळीने लाल होऊन घरात यायची. मी भंडाऱ्याहून नुकतीच नवऱ्याच्या नोकरीमागे आले होते. पदरात पाच वर्षांची शोभा. अंगणातल्या कोळशाच्या खोपटात एक मांजर व्याली, चार पिल्लं झाली, तेव्हा शोभाला जणू सगेसोयरे मिळाले.

दुसऱ्याच दिवशी एक पिल्लू गार पडलं. मी कापसाची वात दुधात भिजवून त्याच्या तोंडाला लावणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"दूध नोको वैनी! गार पोटाले दूध पचत नाही. आधी ऊब द्या."

ते भिंत ओलांडूनच आले. वीट शेकवली, फडक्यात गुंडाळली, पिल्लू तिच्याजवळ ठेवलं. तासाभराने ते वळवळलं, मग त्याला आईपाशी लावलं. त्या काळी मांजर घेऊन ढोरांच्या दवाखान्यात कोण जाणार? गेलं, तर रांगेतले बैलवाले हसायचे. हे घरी येऊन बघत, आणि मोबदला म्हणून कपभर काळा चहा घेत.

पिल्लांचे डोळे उघडले त्याच आठवड्यात ते पिसाळलेलं कुत्रं आलं. भर दुपारी, तोंडातून लाळ गळत, सरळ रेषेत चालत. मांजर पिल्लांच्या आडवी उभी राहिली. कुत्र्याने तिची मान धरली. लोकांनी काठ्या मारून त्याला हाकललं, पुढे नाल्याजवळ मारूनही टाकलं. कंपाउंडर धावत आले. साबण आणि बादलीभर पाणी घेऊन त्यांनी मांजरीची जखम धुतली, पुन्हा धुतली. मग माझ्याकडे वळले.

"पोरगी कुठी हाये?"

शोभाला आम्ही उन्हात उभं केलं. एकेक बोट, नखांच्या कडा, कोपर, गुडघे. ते बघत होते, मी बघत होते.

"मांजरीले हात लावला का बाई तू? खरं सांग."

"नाही लावला," शोभा म्हणाली. तिच्या अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. मी तिला उचलून आत नेलं.

कंपाउंडर नळावर हात धुवायला गेले. बराच वेळ आले नाहीत. मी गेले, तर नळ सुरू आणि ते आपल्या बोटाकडे टक लावून बघताहेत.

"वैनी, साबण झोंबून राहिला."

अंगठ्याजवळ एक कापलेली रेघ होती. सकाळी दाढी करताना ब्लेड लागलं होतं, म्हणाले. त्याच हाताने त्यांनी कुत्र्याची लाळ धुतली होती.

त्या दिवशी मला त्यांच्या भीतीचं कारण कळलं. गावी एक गाय घास अडकल्यासारखी करत होती. त्यांनी आणि त्यांच्या साळ्याने तिच्या तोंडात हात घालून पाहिलं. गाय पिसाळलेली निघाली, तसे कंपाउंडर घाबरून सुया घ्यायला गेले. साळा हसला, गेला नाही.

"मंग दोन महिन्यानं त्याले पाण्याचा गिलास दाखवला, तं तो भिंतीले पाठ लावून किंचाळला. म्या पाहिलं जी."

दुसऱ्या सकाळपासून ते कुम्हारीवरून जाणाऱ्या बसने रायपूरला जाऊ लागले. चौदा दिवस, पोटात चौदा सुया. त्याआधी दोन कामं केली. कारखान्याची यंत्रं रशियातून ज्या खोक्यांत येत, त्यांच्या फळ्या ठोकून मांजरीसाठी पेटी केली आणि तिला आत कोंडून ती आपल्या आवारात ठेवली. पिल्लं पाण्याने पुसून माझ्या ओटीत घातली. आईपासून तोडलेली, पंधरा दिवसांची.

दुपारी परतले की पोटावर हात धरून, वाकून यायचे. आमच्या पायरीवर बसून सांगायचे. बकरीचं दूध, कोमट. पिल्लू पालथंच धरा, उताणं धरलं तर दूध छातीत जाते. प्यायलं की ओल्या फडक्याने बूड पुसा, आई चाटते तसं. दवाखान्यातला छोटा तराजू आणून रोज वजन करायचे. काटा हलला नाही, तर त्यांचा चेहरा उतरायचा. पुढे पोटं फुगली तेव्हा जंताचं औषध त्यांनी तांदळाएवढं मोजून दिलं. एक पिल्लू गेलं. तीन जगली.

महिन्याभराने मांजरीचा आवाज घोगरा झाला. मी भिंतीवरून पाहिलं. ती पेटीच्या फळ्या चावत होती, तोंडातून रक्त येत होतं.

"मागं व्हा वैनी! पोरीले आत न्या!"

इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दोन दिवसांत ती मेली. त्यांनी हाताला पोती गुंडाळून तिला खोल खड्ड्यात पुरलं, वर चुना टाकला. पिल्लं तिच्यापाशी राहिली असती, तर शोभा रोज त्यांच्यात बसली असती. लाइनीतलं हसणं त्या दिवशी बंद झालं.

पण आमचं वाट बघणं संपलं नाही. सुया घेतल्या तरी खात्री कोण देणार? ते चहा प्यायला यायचे. कप ओठाला लावायचे, थांबायचे. मी हातातलं काम सोडून त्यांच्या गळ्याकडे बघायची. घोट खाली उतरला की दोघंही नजर दुसरीकडे वळवायचो. असे किती कप गेले! थंडी गेली, उन्हाळा गेला, तेव्हा कुठे एक दिवस त्यांनी न थांबता अख्खा कप संपवला आणि म्हणाले, "साखर कमी हाये आज."

मी हसता हसता रडले.

पुढे धाकट्याच्या वेळी मी माहेरी गेले. परत आले तोवर त्यांची बदली झाली होती. कुठे, ते लाइनीत कोणालाच नीट सांगता येईना. त्यांच्या क्वार्टरात आता तुमसरकडचं एक जोडपं होतं. ती नवी बाई पहिल्याच दिवशी भिंतीशी आली.

"ताई, रोज दुपारी पाच-सहा मांजरी येते दारात. हाकललं तरी जात नाही, नुसत्या बसून राहते. कोणाच्या हायेत जी?"

मी पलीकडे डोकावले. बंद दाराकडे तोंड करून त्या ओळीने बसल्या होत्या. एकीच्या पोटाशी पिल्लं होती, डोळे न उघडलेली, त्यातलं एक वळवळत नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले, आणि वीट शेकायला ठेवली.