मास्तरांनी अंगणात रचलेला डोंगर

सकाळचं धुकं पडद्यासारखं वर सरकलं आणि परंदवडीतलं एक अंगण उजेडात आलं. मधोमध खाटेएवढा मातीचा डोंगर. त्याच्या माथ्यावरून उतरलेली, पाठीच्या कण्यासारखी एक उंच धार, धारेच्या पायाशी खोल घळ, आणि सगळीकडे बर्फ म्हणून भुरभुरलेली पांढरी रांगोळी. डोंगराशेजारी सखाराम मास्तर गुडघे टेकून बसलेले, पांढऱ्या मिशीला माती लागलेली. दारातून त्यांची बायको सविता ओरडत होती.

"अवो, पिठाची चाळणी हाय ती! माती चाळायला दिलीवती का माझ्या आईनं?"

"धुऊन देतो."

"धुवा, आन् आज भाकरी बी तुमीच थापा."

एरवी मास्तरांनी काहीतरी टोला परत दिला असता. आज ते नुसते मान खाली घालून माती थापत राहिले. लोणावळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतून आज बाया नावाची ठाकरीण यायची होती.

सखाराम मास्तर शाळेतले मास्तर नव्हेत. ते फौजेत शिक्षण हवालदार होते. फौजेत लढणारे असतात तसे शिकवणारेही असतात, हे गावात कुणाला पटायचं नाही. "म्हंजे एक बी गोळी न्हाई मारलीस?" असं पारावरचे मित्र छेडायचे. "खडू मारला ना रग्गड!" असं म्हणून हा माणूस सगळ्यांआधी स्वतःच हसायचा. चौकीवरच्या तंबूत त्यांनी मोठमोठ्या मिशांच्या जवानांना बढतीच्या परीक्षेसाठी गिरवायला बसवलं, नकाशे वाचायला शिकवलं. पण त्यांचं खरं नाव झालं ते मातीच्या डोंगरांनी. गस्त निघायच्या आधी समोरचा मुलूख मातीत रचून दाखवायचा, म्हणजे काळोखात पाय चुकत नाही. कुणी चौकी म्हणून ठेवलेला खडा दोन बोटं जरी सरकवला, तरी मास्तर अख्खा डोंगर मोडून पुन्हा रचायला लावत. "तुझी ही दोन बोटं म्हणजे तिथं एक टेकडी असते, लेका," असं म्हणत.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी भरतीच्या पोरांना फुकट शिकवायला घेतलं. बायाचा एकुलता किरण त्यांतलाच. वाडी उतरून लोणावळ्याला गाडी धरायचा, बेगडेवाडीला उतरून चालत यायचा. ठाकरवाडीतला तो पहिला फौजी. त्याच्या अंगावर वर्दी बघून मास्तरांनी गावभर पेढे वाटले होते. गेल्या हिवाळ्यात बर्फातल्या गस्तीवर किरण घळीत कोसळला आणि तिरंग्यात गुंडाळून घरी आला.

पलटणीच्या साहेबांनी बायाला नकाशावर बोट ठेवून जागा दाखवली. तिला काही उमगलं नाही. ती मास्तरांकडे आली. "कागदावर मला डोंगर दिसत न्हाई, भाऊ. तुमी किरणला मातीत दावायचा, तसा मला दावा."

त्या डोंगरावर मास्तरांनी स्वतः हिवाळे काढले होते. किरणच्या पलटणीतल्या आताच्या शिक्षण हवालदाराला फोन करून त्यांनी सगळं विचारून घेतलं. किरण गस्तीत सगळ्यात मागे होता. पुढचे दोघं धार ओलांडून पलीकडे उतरले होते. वारा घोंघावत होता. मागचा माणूस गेला, हे त्यांना फार उशिरा कळलं. आणि घळीत तो काही वेळ जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले.

हे शेवटचं मास्तरांनी सवितालाही सांगितलं नव्हतं. पोर एकटं पडून गेलं, हे आईला कसं दाखवायचं? त्या दोघा सोबत्यांसाठी आणलेले काळे खडे त्यांच्या मुठीत घामेजले. शेवटी त्यांनी ते धारेच्या अलीकडेच, घळीच्या काठावर ठेवले. हाताची रांगोळी खड्यांना लागली, ती पुसून टाकली.

बाया आली. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तशी अंगणात शिरली. घळीत ठेवलेल्या एका पांढऱ्या खड्याकडे बोट केलं.

"ह्यो किरण?"

"व्हय."

"आन् हे दोन काळे?"

"त्याचे सोबती. जवळच होते, ताई. एकला नव्हता तो."

मास्तरांना वाटलं, आता ही रडेल, जरा हलकी होईल. पण बाया वाकली. पांढऱ्या खड्यापासून काळ्या खड्यांपर्यंत तिनं बोटं टेकवली. चारच बोटं भरली. दरीपल्याडच्या गुरांना हाका घालण्यात तिचा जन्म गेला होता.

"एवढ्या जवळ? मंग त्यानं हाक मारली आसंल. त्याची हाक लय मोठी, भाऊ. वाडीवरून पार खालच्या ओढ्याला जायाची. त्यास्नी ऐकू गेली आसंल. मंग कुणी उतरलं का न्हाई? ठाकराचं पोर म्हून सोडलं का?"

दारात सविताचा हात तोंडावर गेला.

मास्तरांनी दोन्ही काळे खडे उचलले. हात धारेवरून पलीकडे नेला आणि खडे तिथल्या उतारावर ठेवले.

"मीच खोटं ठेवलं, ताई. ते हितं होते. मधी ही धार, आन् वारं उलटं. कळलं तसे दोघं बी दोर बांधून खाली उतरले. पन तवर..."

मिशीवरची माती ओली झाली.

बाया घळीच्या बाजूला गेली. जमिनीवर आडवी झाली, गाल मातीला टेकवला आणि पांढऱ्या खड्याच्या जागेवरून वर बघत राहिली. तिथून नुसती धार दिसत होती. मग उठून बसली, गालाची माती तशीच राहू दिली.

"बरं झालं, भाऊ," ती म्हणाली. "म्हंजे पोरांनी सोडला न्हाई त्याला. त्यास्नी ऐकूच गेलं न्हाई."